लिंबासाठी घातलेला हात

मंडळी, बोलतेय मी, टाइप करतेय नात सायली. मला अक्षरं वाचता येत नाहीत, पण टायर वाचता येतो हे आज कळलं.

सकाळी बदलापूरहून सायलीला आणि तिच्या तान्ह्या बाळाला वांगणीला सासरी सोडायला निघालो होतो. बाळाचा गाडीतला पहिलाच प्रवास, म्हणून मी पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. ते घरंगळून आत गेलं.

गुडघ्यांना शिव्या घालत वाकले, हात घातला. लिंबाआधी टायरच लागला. बाहेर नक्षी जशीच्या तशी, आतली कड मात्र गुळगुळीत! वर एक तार बोटाला टोचली.

"सुनील, टायरला टक्कल पडलंय."

लेक हसला. "आई, नवे आहेत ते!"

"तुझ्यासारखंच. समोरून दिसत नाही."

तरी त्याने मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं आणि हसायचा थांबला. स्टेपनी चढवून हळूहळू गॅरेज गाठलं.

मेकॅनिक म्हणाला, "खड्ड्यांत आपटून चाकांचा कोन बिघडलाय, आजी. चाक तिरकं धावतं, मग आतली कडच घासते. रस्त्यात फुटला असता."

तेव्हा सुनील हळूच बोलला, "गाडी एका बाजूला ओढत होती. मी स्टेअरिंग दाबून धरायचो."

आता चाकं सरळ आहेत, टायर नवा आहे, आणि वांगणीत बाळ माझ्या मांडीवर झोपलंय. देवाचे आभार, लिंबाचे आभार. सुनीलचेही, कारण हसला तरी वाकून बघितलं त्याने.

तुमच्याकडे म्हातारीचं ऐकून कोणी वाकतं का?