परग्रहवासी आणि लेकीचं जेवण

मित्रांनो, आज आमच्या घरी ग्रहण नसताना ग्रहण पाळलं गेलं.

टीव्हीवर सांगितलं, आज परग्रहवासी येणार. बायकोनं बाळंतपणाला आलेल्या लेकीला सकाळपासून अंधाऱ्या खोलीत उपाशी बसवलं. दुपारी मी भालकीच्या बाजारातून आलो, तर पोरीला भोवळ यायलेली.

"अहो, ते आले आन् पोटातल्या लेकराला काय झालं तर?" बायको म्हणाली.

मी सातवी शिकलेला, पण आकाश स्वतः वाचलंय. म्हटलं, "सूर्य सोडून सगळ्यात जवळच्या ताऱ्याचा उजेड यायला सव्वाचार वर्षं लागतात. ते आज निघाले तरी तवर तुझं नातवंड अंगणवाडीत जाईल."

"आन् आधीच निघाले असतील तर?"

"मग भुकेले असतील. दोन भाकरी जास्त टाक."

आतून लेक हसली. बाहेर येऊन पोटभर जेवली.

आकाश एवढं मोठं आहे, याचं तुम्हाला कधी बरं वाटलंय? मला आज वाटलं.