कोणता ट्रायटन?

आमचं जहाज एडनच्या आखातात चाच्यांविरुद्ध गस्तीवर होतं. मी धुळ्याचा, रेडिओ ऑपरेटर. दिलीप चोपड्याजवळच्या खेड्यातला, लीडिंग सीमन. आम्ही त्याला सीआयडी म्हणायचो. मेसमध्ये केळी आली तरी हा फणी उलटून बघणार, दाबणार, मगच खाणार. मला कधी कधी त्याचा वैताग यायचा.

ट्रायटन हे ग्रीक पुराणातल्या समुद्रदेवाच्या मुलाचं नाव. वेगवेगळ्या देशांच्या युद्धनौकांना ते दिलेलं आहे. रेडिओवर "वॉरशिप ट्रायटन" ऐकलं की व्यापारी जहाजं निर्धास्त व्हायची. कोणत्या देशाची, हे कुणी विचारत नसे.

त्या दुपारी चॅनल सोळावर, म्हणजे सगळी जहाजं ऐकतात त्या रेडिओ चॅनलवर, आवाज आला. "धिस इज वॉरशिप ट्रायटन. तपासणी आहे, इंजिन बंद करा." एका मालवाहू जहाजाने लगेच वेग कमी केला. मलाही काही वावगं वाटलं नाही. दिलीप माझ्या मागे उभा होता.

"भाऊ, कोनता ट्रायटन शे हाऊ? इचार बरं."

मी ड्यूटी ऑफिसरना सांगितलं. त्यांनी रडार पाहिलं. युद्धनौकेच्या जागी मच्छीमार बोटीएवढा ठिपका होता. त्यांनी माईक घेतला.

"ट्रायटन, तुमचा देश सांगा. नौकेवरचा नंबर सांगा."

उत्तर नाही.

"ट्रायटन, रिपीट. नंबर सांगा."

चॅनल गप्प. ते चाचे होते. जहाज थांबलं की त्यावर चढायचं, एवढाच त्यांचा डाव. कॅप्टनचा हुकूम आला, "बोट उतरवा." बोटीतून जाणाऱ्या बोर्डिंग टीममध्ये दिलीप होता.

आमची बोट चाचे आणि मालवाहू जहाज यांच्या मधे घुसली. गोळीबार झाला, मग चाच्यांनी हात वर केले. रेडिओवर शब्द आले, "वन मॅन डाउन." मी नाव विचारलं. दिलीप. त्याला जहाजावर आणेपर्यंत तो गेला होता. संध्याकाळी मालवाहू जहाजावरचे लोक आमच्या जहाजावर आभार मानायला आले.

पार्थिवासोबत मला गावी पाठवलं. सलामी झाली. दिलीपच्या वडिलांनी, आबांनी, मला बाजूला घेतलं. दिलीपमुळे त्या जहाजावरचे सगळे लोक वाचले, असं सोबत आलेले साहेब म्हणाले होते; त्यावर आबांचा विश्वास दिसत नव्हता.

"त्या जहाजवरना लोके वाचनात का?"

"बठ्ठा वाचनात, आबा."

"तू सोता दखं? का मना मन राखाले सांगस?"

"सोता दखं. त्यास्नी मना हात धरीसन इचारं, बोटमा गयथा त्यानं नाव काय?"

"मंग तू काय सांगं?"

"आख्खं नाव सांगं, आबा. तुम्हनं, गावनंबी."

आबांनी मान हलवली. मग ते माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, आणि मीही.