आबांच्या पंचाहत्तरीला आमचा बँड

चहाचा घोट घेऊन कप खाली ठेवा. हे ऐकताना तोंडात चहा असलेला बरा नाही. आमच्या ह्यांच्या पांढऱ्या शर्टावर तो डाग अजून आहे. आणि मध्येच "पण तुम्हाला कळलं कसं नाही?" असं विचारायचं नाही. सगळ्यांचं विचारून झालंय. माझ्या सासूबाईंनी तर दोनदा विचारलं.

मी डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडवरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तकं द्यायची, पुस्तकं घ्यायची आणि 'शांतता राखा' या पाटीखाली बसून मुलांच्या गप्पा ऐकायच्या. अशा बाईकडे मार्चिंग बँड कसा येतो?

तर आमच्या कॉलेजात बँड आहे. म्हणजे 'होता' म्हणायची वेळ आलेली. शिकवणारे सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, आणि एकेक करत मुलं गळत सहावर आली. स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्यांनी विचारलं, संगीतातलं कुणाला काही कळतं का. मी मोबाईलवर बघून बघून घरच्या घरी पेटी शिकलेय, हे मी शेजारच्या मॅडमच्या कानात सांगितलं. त्या मॅडमनी ते उभं राहून माईकवर सांगितलं.

झालं. बँड माझ्याकडे आला. सोबत प्राचार्यांची अटही आली: या वर्षात एखादा देणगीदार शोधा, नाहीतर बँडची खोली कॉम्प्युटर लॅबला जाणार.

मी म्हटलं असतं, जाऊ दे. पण श्रावणी होती ना. ही आमची ट्रम्पेटवाली. राहायला टिटवाळ्याला. घराजवळचं कॉलेज सोडून ही मुलगी इतक्या लांब आली ती केवळ इथे बँड आहे म्हणून. खोली जाणार हे कळलं त्या दिवशी ती ग्रंथालयात येऊन बसली, पुस्तक उघडलं आणि कितीतरी वेळ पान काही उलटलं नाही. मला ते बघवेना.

म्हणून मी कंबर कसली.

सामानाची अवस्था काय सांगावी. ट्रम्पेटची एक कळ अडकायची, त्यामुळे जलद काही वाजवलं की तो उचकी लागल्यासारखा थांबायचा. ढोलांची पानं फाटलेली, त्यांवर चिकटपट्ट्या. पुढे चालणाऱ्या मुलाच्या हातात जी सजवलेली काठी असते, तिचा वरचा पितळी गोळा कधीच गळून पडलेला. बूट कुणाचे भावाचे, कुणाचे वडिलांचे. विकी म्हणून आमचा मोठा ढोल वाजवणारा, तो तर चार पावलं टाकली की म्हणायचा, "मॅडम, शूज काटतायत, थोडा ब्रेक."

या सगळ्यांना झेपेल अशी धून हवी होती. मी आपली मोबाईलवर शोधत बसले. आणि एका संध्याकाळी मिळाली. कुठल्याशा परदेशातली, नाव त्यांच्या लिपीत, मला काही वाचता आलं नाही. पण धून अशी संथ, अशी गोड, की मी चपाती तव्यावर विसरले. देखणे गणवेश घातलेले सैनिक एकेक पाऊल हवेत तोलून टाकत होते. व्हिडिओखाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकलेली, रडके चेहरे टाकलेले. मला वाटलं, केवढा हा भक्तिभाव.

आता माझा स्वभाव असा, की काम करायचं तर नीट. मी ती धून पेटीवर बसवली, सारेगम लिहून काढली, पुन्हा तपासली. बँड कॅमेऱ्यासमोरून गेला की मी व्हिडिओ मागे घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून बघायची. तेवढा तुकडा मी इतक्या वेळा पाहिला की त्यातल्या सैनिकांचे चेहरे मला पाठ झाले. बँडच्या मागून काय येत होतं, ते मात्र मी एकदाही पाहिलं नाही. मला बँडशी मतलब.

आणि त्यात किती सोयीच्या गोष्टी होत्या म्हणून सांगू. त्यांच्या ढोलांवर काळं कापड गुंडाळलेलं. मी ह्यांना म्हटलं, "बघा, तिकडेही ढोलांची हीच रड आहे, फाटलं की झाकतात." ग्रंथालयाच्या कपाटात पदवीदानाचे जुने काळे झगे पडून होते. ते मी कापले, ढोलांना मापाचे अंगरखे शिवले. चिकटपट्ट्या दिसेनाशा झाल्या. त्यांचा काठीवाला काठी उलटी धरून चालत होता. आमच्या काठीला वर गोळाच नाही, मग उलटी धरायला काय हरकत? सैनिकांच्या माना खाली होत्या. मला वाटलं, किती नम्र मुलं. आमच्या मुलांचे पाय चुकायचे, म्हणून मीही सांगितलं, माना खाली, नजर पुढच्याच्या टाचेवर. आणि चाल इतकी हळू, की विकीचे शूज काटायचे थांबले.

मुलांनी जीव ओतला. पावसाळा संपेपर्यंत ती धून अशी बसली की ग्रंथालयात गप्पा मारणारी मुलंसुद्धा गप्प व्हायची. जी गोष्ट माझ्या पाटीला जमली नव्हती.

मग देणगीदारही मिळाला. वैशाली म्हणून आमच्या कॉलेजची माजी विद्यार्थिनी, आता बाळकुमला मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये राहते, जुनी मार्कलिस्ट न्यायला आलेली. तालीम ऐकून थबकली. तिचे वडील फौजेच्या बँडात सुभेदार होते. मूळ साताऱ्याकडचे, निवृत्तीनंतर छोटा कारखाना टाकला, बरं चाललं. सगळे त्यांना आबा म्हणतात. तिने ऐकलं ते दोन जिने खालून, रिक्षांच्या हॉर्नमधून. तिला नुसतं एवढंच कळलं की बँड आहे. म्हणाली, आबांची पंचाहत्तरी आहे, नौपाड्यात हॉल घेतलाय, तुम्ही अचानक येऊन वाजवा. आबांना बँडचं वेड आहे. खूश झाले तर तुमच्या कॉलेजचं काम झालंच समजा.

श्रावणी त्या दिवशी माझ्या गळ्यातच पडली.

तर तो दिवस. टेम्पोतून ढोल उतरवले, मुलांना रांगेत लावलं, दारातून आत डोकावले. हॉल भरलेला. समोर स्टेजवर आबांचा तरुणपणीचा गणवेशातला मोठा फोटो, सजावटवाल्याने त्यालाही झेंडूची माळ घातलेली. फोटोसमोर ताटात ओवाळायचे पंचाहत्तर दिवे. शेजारी खुर्चीत आबा, गळ्यात हार, बाजूला त्यांच्या पत्नी माई, नऊवारीत. पुढच्या दोन रांगांत आबांचे फौजेतले जुने सोबती, सगळ्यांच्या डोक्याला टोप्या नाहीतर फेटे.

वैशालीने खूण केली. मी श्रावणीच्या पाठीवर हात ठेवला. आणि आम्ही आत शिरलो. काळे ढोल, उलटी काठी, खाली माना, एकेक पाऊल तोलून.

पहिल्या चार सुरांतच पुढच्या रांगेतला एक म्हातारा ताडकन उभा राहिला. मग दुसरा. मग अख्खी रांग. टोप्या उतरल्या. हात मांड्यांना चिकटले. एवढा मान! फौजी माणसं उभी राहिली म्हटल्यावर मागचे नातेवाईकही उठले. बायकांनी पदर सावरले. कुणी लहान मुलाला चापटी देऊन गप्प केलं. कॅटररने हातातली बालुशाहीची परात खाली ठेवली आणि हात जोडले.

एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. विकी मान खाली ठेवूनच माझ्याकडे तिरका बघत कुजबुजला, "मॅडम, पब्लिक रडतंय. आपण हिट आहोत."

मी त्याला खूण केली: अजून हळू.

बरं, एकदा वाजवून थांबावं ना? नाही. धून संपली, टाळी एक नाही, नुसती शांतता. मला वाटलं, भारावलेत. मी बोट गोल फिरवलं: पुन्हा पहिल्यापासून.

आणि नेमके तेव्हा कल्याणहून माईंचे दाजी आले. ट्रॅफिकमध्ये अडकून उशीर झालेला, घामाघूम, हातात हार. त्यांनी दारातून पाहिलं: सगळे उभे, माना खाली, बँड वाजतोय, समोर फोटोला माळ, पुढे दिवे. आबा उभ्या माणसांच्या आड. दाजी तसेच, नजर फोटोवरून न हलवता, भिंतीच्या कडेने स्टेजवर गेले, हातातला हार फोटोला घातला, कपाळ टेकलं आणि हुंदका देऊन म्हणाले, "काल रात्री तर फोनवर बोललो ओ."

ट्रम्पेट थांबला. ढोल थांबले.

"दाजी," माई म्हणाल्या, "हे काय हितं बसल्यात की."

दाजींनी वळून आबांकडे पाहिलं आणि ते मटकन स्टेजवरच बसले. कुणीतरी पाणी आणायला धावलं.

तरीही, मी शपथेवर सांगते, मला तेव्हाही वाटलं, हा त्यांच्या घरातला काहीतरी प्रश्न असावा.

आबा खुर्चीतून उठले. सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. ताठ, उंच, भुवया पांढऱ्या.

"हे कुणी शिकवलं पोरांना?"

"मी," मी म्हटलं. आवाजात अभिमान मावत नव्हता.

"ढोलाला काळं कापड?"

"ते पण मीच. स्वतः शिवलं."

"काठी उलटी? माना खाली?"

"ती तर माझीच कल्पना."

आबांनी मान डोलावली. "बाई, सगळं बरोबर बसवलंय तुम्ही. कुठं बोट ठेवायला जागा नाही. आमच्याकडं जवान गेला की त्याला असंच नेतात."

तुम्ही कधी चालत्या पंख्याखाली उभं राहून घामाने भिजलाय? मी त्या दिवशी भिजले. बँडच्या मागून काय येत असणार, ते मला तिथे, त्या क्षणी, न बघता दिसलं. वैशालीचा चेहरा पांढरा. श्रावणीने ट्रम्पेट पाठीमागे लपवला, जणू काही मग ते झालंच नसतं. माझ्या डोळ्यांसमोर कॉम्प्युटर लॅब उभी राहिली, एसीसकट.

मी काहीतरी पुटपुटले. चूक झाली, माफ करा, आम्ही निघतो. आबांनी हात वर करून मला थांबवलं आणि ते मुलांच्या रांगेसमोर गेले. परेडची पाहणी करावी तसे.

विकीच्या ढोलावरचं कापड त्यांनी दोन बोटांनी उचललं. खाली चिकटपट्ट्या. पुढच्या मुलाची काठी सरळ केली, वरचं रिकामं टोक बघितलं. मग विकीला विचारलं, एवढं सावकाश का चालत होतास. विकी माझ्याकडे बघायला लागला.

"खरं सांग, बाळ."

"शूज काटतायत, सर. भावाचे आहेत."

आबांनी वाकून विकीच्या बुटाची टाच दाबून पाहिली. मग त्यांनी श्रावणीपुढे हात केला. तिने घाबरत घाबरत ट्रम्पेट पुढे केला. त्यांनी कळ दाबून पाहिली; ती खाली गेली आणि वर आलीच नाही.

"याच्यावर तू एवढं वाजवलंस?"

"हो, सर."

"घरी कोण वाजवतं?"

"कोणी नाही, सर. इथेच शिकले. आता बंद होणार आहे."

हे तिने इतकं साधं सांगितलं, तक्रार म्हणून नाही, सुट्टी लागणार आहे असं सांगावं तसं. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांपैकी एकाने पुन्हा डोळे पुसले.

आबा त्यांच्याकडे वळले. म्हणाले, "आपण किती जणांच्या पुढं चाललो असं, नाय का रे? आपल्यासाठी वाजताना कसं वाटतं, ते काय कुणाला ऐकायला मिळत नाही. मला मिळालं. तेही दोनदा."

पहिली हसल्या माई. मग दाजी, खाली बसूनच. मग सगळा हॉल. आणि हसता हसता माई पदराने डोळे टिपत राहिल्या. आबांनी तिकडे बघितलं, न बघितल्यासारखं केलं.

मग त्यांनी मला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे काय, स्टेजच्या पायरीशी. सगळे ऐकतच होते. म्हणाले, "बँड बंद करायचा नाही. ढोल मी देतो, पोरीला नवा ट्रम्पेट देतो, बूट सगळ्यांना. प्राचार्यांशी मी बोलतो. आणि दर शनिवारी येऊन जलद चाल शिकवीन, म्हणजे बारशाला, लग्नाला, झेंडावंदनाला काहीतरी वाजवता येईल." थोडं थांबले. "पण ही धून विसरू द्यायची नाही बरं का. मला ती लागणार आहे. तेव्हा तुम्हीच यायचं."

वैशालीने आबांचा हात धरला. श्रावणी माझ्याकडे बघत होती. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाला काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं, मनापासून, त्याला धीर वाटेल असं.

मी डोळे पुसले, हात जोडले आणि म्हटलं, "नक्की येऊ, आबा. तुम्ही फक्त आठ दिवस आधी कळवा, मुलांच्या परीक्षा असतात."