जेटबोटीवरच्या मुंग्या

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या खात्याकडे एक जेटबोट आली. नागपूरजवळच्या जलाशयावर गस्त घालायला आणि पूर आला तर माणसं काढायला. तिला बाहेर पाण्यात फिरणारं पातं नव्हतं. तळातून पाणी ओढायची, मागे जोरात फेकायची आणि सुसाट निघायची. इंजिनाचा वेग एक इलेक्ट्रॉनिक पेटी सांभाळायची. पेटीला काही खटकलं की लाल दिवा लागे आणि इंजिन रेंगाळे. ही पेटी कळणारा खात्यात मी एकटाच, असं मी न विचारता सगळ्यांना सांगत असे.

बोट चालवणारे गृहस्थ कामठीचे, माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे. कन्हान नदीत होडी वल्हवून त्यांचा हात तयार झालेला. अकरा वर्षं रोजंदारी केल्यावर त्यांचं नाव कुठे कायम होणाऱ्यांच्या यादीत चढलं होतं.

त्या दसऱ्याला ते नेहमीप्रमाणे घरच्यांना घेऊन दीक्षाभूमीवर गेले होते. इकडे आम्ही बोटीची पूजा केली. झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. नारळ फोडायचा मान अर्थातच मी घेतला.

आठवड्याभरात लाल दिवा लागला, तोही सकाळी मोठे साहेब बोटीत असताना, भर जलाशयात. बोट गोगलगाईसारखी काठाला आली. साहेबांचा पारा चालकावर चढला. "यानेच पेटीत पाणी जाऊ दिलं. तसं निघालं, तर सोमवारपासून याला घरी पाठवतो!"

तपासणी माझ्याकडे आली. मी रुबाबात दहा वाजता यायचो, चहा घ्यायचो, मग मीटर काढायचो. बॅटरी ठीक, वायरी ठीक, पेटी आतून कोरडी ठणठणीत. दोन दिवस इंजिन माझ्यासमोर शहाण्यासारखं चाललं. मग माझंही डोकं फिरलं. मला सापडत नाही म्हणजे चूक चालवणाऱ्याचीच, असं ठरवून मी 'चालकाची हयगय' असा अहवाल लिहिला आणि खिशात घातला. आज लिहितानाही लाज वाटते.

शनिवारी ते हळूच म्हणाले, "साहेब, बिघडते सकाळी, दवात. अन् तुम्ही तपासून राहिले दुपारच्या उन्हात. उद्या उजाडता येता का?"

रविवारी जांभया देत गेलो. बोट दवाने ओली होती. इंजिन सुरू केलं आणि लाल दिवा लागला! पेटीच्या खालच्या बाजूला, जिथे वायरींचा जोड बसतो, तिथे त्यांनी बोट दाखवलं. बारीक काळ्या मुंग्यांची रांग लागली होती.

"तळ्याच्या पाण्याले मुंग्या काहून लागतीन, साहेब?"

मी जोड सोडवला. पिनांवर चिकट थर आणि हिरवा गंज. बोटाला लावून चाखलं, तर गोडसर. पेटीशेजारच्या लोखंडी पट्टीवर मीच तर नारळ आपटला होता! नारळाचं पाणी जोडात उतरलं, वाळलं, आणि रोज सकाळी दव पिऊन ओलं होत होतं. जोड स्पिरिटने घासून पुसला आणि दिवा विझला तो विझलाच.

मी खिशातला कागद फाडला. सोमवारी साहेबांसमोर उभा राहून नारळ कुणी फोडला ते सांगितलं. साहेब मला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझी बढती वर्षभर लांबली. यादीतलं त्यांचं नाव मात्र राहिलं.

पुढच्या दसऱ्याला ते पांढरे कपडे घालून, दीक्षाभूमीकडे निघण्याआधी वाट वाकडी करून आले. पेटीवर प्लास्टिक गुंडाळून सुतळीने घट्ट बांधलं. "आता फोडा बिनधास्त," म्हणाले.

वर्षभर मनात असलेलं मी तेव्हा विचारलं, "नारळ मी फोडला, हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं का?"

"होतं न. दुसऱ्या दिवशी करवंटीचे तुकडे मीच झाडले होते. अन् फोडणार कोण दुसरं?"

"मग मोठ्या साहेबांना का नाही सांगितलं? तुमची तर नोकरी जात होती."

त्यांनी सुतळीची गाठ एकदा ओढून पाहिली. "तुमच्या हातानं सापडलं तर तुम्हीच सांगान, असं वाटलं मले."

त्या रविवारी माझ्या खिशात काय होतं, हे मी त्यांना कधीच सांगू शकलो नाही. त्यांचे उपकार मात्र मी आजही विसरलेलो नाही.