सहीबाईंची हजेरी

सव्वीस वर्षं या बाई विम्याच्या परवानाधारक एजंट होत्या आणि विम्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. यात त्यांचा दोष नव्हता, मुळात बेतच तसा होता. नवरा पाणीखात्यात कारकून. खात्यातल्या माणसाला दुसरा धंदा करायला बंदी. आणि या गृहस्थांच्या तर अंगातच धंदा. रांगेत चार माणसं उभी दिसली तरी यांना वाटायचं, यांचा विमा उतरवून टाकावा. मग परवाना निघाला बायकोच्या नावावर. फोटो बायकोचा, सही बायकोची, बाकी सगळं नवऱ्याचं. लोक नवऱ्याला विमासाहेब म्हणू लागले आणि बाईंना नाव पडलं सहीबाई.

नाव प्रेमाचंच होतं, हे आधीच सांगितलेलं बरं. विमासाहेब संध्याकाळी फॉर्मांचा गठ्ठा घेऊन यायचे आणि बुटांच्या नाड्या सोडता सोडता हाक मारायचे, "सहीबाई, हजर व्हा." बाई हात पुसत यायच्या. पेन्सिलीने जिथे जिथे फुली मारलेली असे तिथे तिथे सही करायच्या. कागदाला ओल लागू नये म्हणून कोपर वर उचलून धरायच्या. सही मात्र देखणी होती, शेवटच्या अक्षराची शेपटी अशी लांब ओढलेली की खालच्या ओळीतल्या माणसाने जरा सरकून बसावं. त्या सहीच्या वर काय लिहिलंय, हे त्यांनी कधी वाचलं नाही. वाचायला वेळ कुणाला होता? गॅसवर दूध असायचं.

सहीखेरीज त्यांच्याकडे आणखी एक काम होतं, फोनचं. बोळकांडीत एका तिवईवर फोन होता आणि शेजारी हात असलेली लाकडी खुर्ची. ती खुर्ची विमासाहेबांची. तिच्यात बसून ते तासन्‌तास हप्ते आणि मुदती समजावून सांगायचे. सहीबाई फोन उभ्यानेच घ्यायच्या, कारण त्यांचं बोलणं एका वाक्याचं होतं. "विमासाहेब आहेत का?" असं कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "हे बाहेर गेलेत. निरोप सांगते." एवढंच. पण पलीकडचा माणूस काही एका वाक्याचा नसतो. तो निरोप सांगता सांगता गुडघ्याचं ऑपरेशन सांगतो, सुनेचं बाळंतपण सांगतो, धाकट्याची गेलेली नोकरी सांगतो. विमासाहेबांना गिऱ्हाइकाचा पॉलिसी नंबर तोंडपाठ असे. सहीबाईंना त्याच्या घरातलं दुखणंखुपणं पाठ असे, पण ते कुणी विचारत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी विमासाहेब निवृत्त झाले. आता त्यांना स्वतःच्या नावावर परवाना काढता आला असता, पण मधल्या काळात जमलेल्या चारशे बारा पॉलिसी सगळ्या बायकोच्या खात्यात. त्या काही दुसऱ्याच्या नावावर उचलून ठेवता येत नाहीत. तेव्हा आहे तेच बरं चाललंय, असं ठरलं. आणि मग एके सकाळी कंपनीचा निरोप आला की परवान्याच्या नूतनीकरणाचे कागदी फॉर्म बंद, इथून पुढे सगळं पोर्टलवर.

विमासाहेबांनी हा निरोप नाकावरची माशी उडवावी तसा उडवला. लेकीने सासरी जाताना मागे ठेवलेला लॅपटॉप होता. लेकीलाच फोन लावून, तिच्या सांगण्याबरहुकूम बटणं दाबत ते पोर्टलच्या आत शिरले. आत लाल अक्षरांत लिहिलं होतं की परवान्याची मुदत संपायला अठरा दिवस आहेत. तेवढ्यात पंचवीस तासांचं प्रशिक्षण आणि शेवटी परीक्षा. परीक्षेत नापास झाल्यास तीन महिने पुन्हा बसता येणार नाही. आणि मुदत टळली तर आपल्या चारशे बारा पॉलिसी अनाथ ठरतील.

अनाथ हा त्या धंद्यातला शब्द आहे. ज्या पॉलिसीला एजंट उरत नाही ती अनाथ. मग तिचा धनी कचेरीच्या एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर हिंडत राहतो. विमासाहेबांना तो शब्द रोजचाच होता. सहीबाईंनी तो पहिल्यांदाच वाचला. त्यांच्या डोळ्यांसमोर चारशे बारा कागद आले नाहीत, कानांत फोनवरचे आवाज आले.

"मी देतो ना परीक्षा," विमासाहेब म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. पोर्टलने कॅमेरा उघडला, त्यांना नीट न्याहाळलं आणि कळवलं की चेहरा जुळत नाही. विमासाहेबांनी भांग पाडून पुन्हा बसून पाहिलं. तरीही जुळेना. पुढे त्यांच्या लक्षात आलं की हे यंत्र दर दहा मिनिटांनी धडा थांबवतं, "आपण उपस्थित आहात का?" असं विचारतं, आणि परवान्यावरच्या बाईने समोर दिसत "होय, मी उपस्थित आहे" हे बटण दाबल्याशिवाय पुढे सरकत नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच नुसत्या सहीवर भागणार नव्हतं.

"तू नुसती बस," विमासाहेबांनी तोड काढली. "ऐकायचीसुद्धा गरज नाही. बटण आलं की दाब. परीक्षेचं मी बघतो."

सहीबाई मटाराच्या शेंगांची परडी मांडीवर घेऊन बसल्या. पहिल्या दिवशी अडीच तासांत किलोभर मटार सोलून झाले आणि पंधरा वेळा हजेरी लागली. पण कानाला काही झाकण नसतं. पोर्टलमधली बाई छान सावकाश बोलायची आणि उदाहरणं द्यायची. समजा एका गृहस्थाचा हप्ता दोन महिने थकला, असं तिने म्हटलं की सहीबाईंना तो गृहस्थ लगेच ओळखू यायचा. तो बेकरीवाला, बायकोच्या आजारपणात थकला होता बिचारा. समजा पॉलिसीवर वारस म्हणून आईचं नाव आहे आणि आई वारली, म्हटलं की सहीबाई मान डोलवायच्या. ती शाळेतली बाई, तिचं अजून बदललेलं नाही. इतकी वर्षं अर्धं चित्र त्यांच्याकडे होतं आणि अर्धं नवऱ्याच्या कपाटात. चौथ्या दिवशी मटार आले नाहीत, त्याऐवजी वही आली. विमासाहेब चेष्टा करायचे, "काय सहीबाई, आता आम्हाला शिकवणार वाटतं." बाई हसायच्या आणि लिहायच्या.

नवव्या धड्यात ती माशी शिंकली. धडा होता एजंटच्या निवेदनाचा. फॉर्मच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत एक वाक्य असतं, असं ती बाई सांगत होती: अर्जदाराची प्रकृती व औषधे यांविषयी मी स्वतः विचारून खात्री केली आहे. आणि त्याखाली एजंटची सही. ती सही म्हणजे एजंटने दिलेला शब्द, म्हणाली.

सहीबाई उठल्या. मागे पोर्टल "आपण उपस्थित आहात का?" म्हणून विचारत राहिलं. त्यांनी कपाट उघडून शिंप्याची फाइल काढली.

हा शिंपी चार वर्षांपूर्वी मशीनवर बसल्या जागी गेला. कंपनीने औषधवाल्याच्या पावत्या शोधून काढल्या. माणूस रक्तदाबाची गोळी रोज घेत होता आणि फॉर्मवर तिचा उल्लेख नव्हता. पैसे अकरा महिने अडकले. शेवटी मिळाले, पण तोवर शिंपीणबाईंनी दोनातलं एक मशीन विकलं होतं. त्या अकरा महिन्यांत दर सोमवारी त्यांचा फोन यायचा आणि दर सोमवारी सहीबाई सांगायच्या, हे बाहेर गेलेत, निरोप सांगते. हे खरोखरच बाहेर गेलेले असत. त्याच कामासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवत असत. आता फाइलीत, नियमित औषधांच्या समोर, विमासाहेबांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, नाहीत. आणि तळाशी ती लांब शेपटीची सही.

चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, "अहो, त्या शिंप्याला गोळ्यांचं विचारलं होतंत का?"

"विचारलं होतं," विमासाहेब म्हणाले. "तोच म्हणाला, लिहू नका, उगाच तपासण्या लागतील. भला माणूस होता गं. म्हटलं, कशाला त्याला हेलपाटे."

"खाली सही माझी आहे."

"सगळीकडे तुझीच आहे."

"तेच म्हणतेय मी," सहीबाई म्हणाल्या.

चहा निवून गेला तरी कप विमासाहेबांच्या हातातच होता. लबाड माणूस नव्हता तो, उलट मनाने जरा जास्तच मऊ. दुसऱ्याचे हेलपाटे वाचवायला जायचे आणि भलतंच होऊन बसायचं. सहीबाईंना त्यांचा राग आला नाही असं नाही. पण त्याहून जास्त त्यांना स्वतःची लाज वाटली. फुली दिसली की सही करणाऱ्या या हातामुळे एका बाईचं मशीन विकलं गेलं, हे त्यांच्या डोक्यातून जाईना.

परीक्षा मुदतीच्या दोन दिवस आधी, सकाळी अकराला होती. सहीबाईंची पाचावर धारण बसली होती. शाळा सुटल्यापासून त्या कुठल्याच परीक्षेला बसल्या नव्हत्या. विमासाहेब मात्र मोठ्या उमेदीत होते. ते टेबलाखाली बैठक मारून बसले होते, प्रश्न आला की हळूच उत्तर सांगायला. दुसऱ्याच प्रश्नाला त्यांना राहवेना, मान वर काढून पडद्यावरचे पर्याय वाचायला गेले. पोर्टलने डोक्याचा अर्धा भाग टिपला आणि कळवलं: चौकटीत दुसरी व्यक्ती आढळली, पहिला इशारा. सातव्या प्रश्नाला ते कुजबुजले. दुसऱ्या व्यक्तीचा आवाज, दुसरा इशारा. तिसऱ्याला परीक्षा रद्द होणार होती. मग ते रांगत बाजूच्या दारापर्यंत गेले आणि तिथून पडदा तिरका वाचत बोटांनी खुणा करू लागले.

तेविसावा प्रश्न आला. ग्राहक रक्तदाबाची गोळी घेतो, पण अर्जात लिहू नका अशी विनंती करतो. एजंटने काय करावे? दुसरा पर्याय होता, औषध किरकोळ असल्यास नोंद आवश्यक नाही. विमासाहेबांनी दारातून दोन बोटं दाखवली. दिसलं नसेल म्हणून पुन्हा दाखवली, हात लांब करून.

सहीबाईंना बोलता येत नव्हतं, उठताही येत नव्हतं. त्यांनी फक्त चष्म्याच्या वरून नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, त्यात ही नजर विमासाहेबांनी फार तर दोनदा पाहिली असेल. त्यांची बोटं मिटली. पडद्यावर काय लिहिलंय ते त्यांनी लांबूनच पुन्हा नीट वाचलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला. ते मागे सरकले, आवाज न करता दार ओढून घेतलं आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले. आज ते परीक्षेतूनही बाहेर गेले होते. सहीबाईंनी चौथा पर्याय निवडला, विचारणे व जसेच्या तसे लिहिणे, आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.

पन्नासपैकी बेचाळीस. पास व्हायला पस्तीस लागायचे. त्यांनी दार उघडून आकडा सांगितला तेव्हा विमासाहेबांनी आनंदाने हात जोडले, अगदी कोपरापासून. मग लेकीला फोन गेला. सासरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विमासाहेब म्हणाले की तुझी आई पहिल्या झटक्यात पास झाली. मी असतो तर लटकलो असतो, हे त्यांनी जरा खालच्या आवाजात सांगितलं.

पण पोर्टलवर अजून एक रकाना उरला होता. नोंदवलेला मोबाइल नंबर बदलायचा आहे का? तिथे सव्वीस वर्षं जो कोणता नंबर लागला तो विमासाहेबांचाच होता. सहीबाईंनी स्वतःचा नंबर टाकला. तेवढ्याने भागत नव्हतं. खातरजमेचा सहा आकडी क्रमांक जुन्या मोबाइलवर येणार होता, म्हणजे नवऱ्याच्या हातात. आला. विमासाहेब मोबाइलकडे नुसते बघत राहिले.

"म्हणजे आता फोन तुला येणार," ते म्हणाले.

"येऊ देत."

"आणि मी काय करायचं?"

"तुम्ही माणसं आणा. तुमच्यासारखी माणसं जोडणं मला जन्मात जमायचं नाही," सहीबाई म्हणाल्या. "विचारीन मी. वाचून सही करीन."

विमासाहेबांनी चष्मा शोधला, पुसला, डोळ्यांवर चढवला. मग दोन दोन करून सहाही आकडे वाचून दाखवले, आणि चुकायला नको म्हणून पुन्हा एकदा वाचले. त्या घटकेला सहीबाईंना हा माणूस इतका आवडला की त्यांनी पुढचे काही क्षण मान वर केलीच नाही.

नवा नंबर गिऱ्हाइकांना पोर्टलनेच कळवला. सोमवारी सकाळी मोबाइल वाजला. तो तिवईवर, जुन्या फोनच्याच जागी ठेवलेला होता. खुर्चीत बसलेल्या विमासाहेबांचा हात सवयीने पुढे गेला, अर्ध्यात थांबला, आणि त्यांनी मोबाइल उचलून बायकोच्या हातात दिला.

"विमा एजंट आहेत का?" पलीकडून विचारलं. आवाज शिंपीणबाईंचा होता. लेकीची पॉलिसी काढायची होती त्यांना.

हे बाहेर गेलेत, हे शब्द सहीबाईंच्या जिभेवर आलेच होते. त्यांनी ते गिळले.

"बोलतेय," त्या म्हणाल्या. "लेकीचं बघू आपण. पण त्याआधी तुमच्या यजमानांच्या फॉर्मबद्दल मला काही सांगायचंय. खालची सही माझी होती."

पलीकडून फोन ठेवला गेला नाही. बोलणं लांबणार हे ओळखून विमासाहेब उठले आणि त्यांनी आपली खुर्ची बायकोकडे सरकवली.