निरोगी गटातली बाई

ज्या उन्हाळ्यात शहराच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, त्या उन्हाळ्यात मी केस धुवायचं काम करत होते. दुसऱ्यांचे केस, तेही डोक्यापासून वेगळे झालेले. मी रसायनशास्त्रात पीएच.डी. करायला घेतली होती. माझ्या सरांचं म्हणणं असं, की बाईच्या केसांतलं जस्त, तांबं, लोह मोजलं की तिला स्तनाचा कॅन्सर आहे का ते ओळखता येईल. असं आधीही काही जणांनी करून पाहिलं होतं. कुणाला जमलं होतं, कुणाला नव्हतं. सरांनी जमलेलं तेवढं वाचलं होतं.

"बाईला हात न लावता तपासणी," असं सर येईल त्याला सांगायचे. हात लावल्यानं बायकांचं काय बिघडतं, हे त्यांनी कुठल्या बाईला विचारल्याचं मला आठवत नाही.

चिमूटभर केस आधी ॲसिटोननं, मग शुद्ध पाण्यानं धुवायचे, आम्लात विरघळवायचे आणि ते द्रावण यंत्राला पाजायचं. हे शुद्ध पाणी तयार करणारं उपकरण एक बाटली भरेपर्यंत वाफ थंड करायला कितीतरी बादल्या पाणी मोरीत सोडून द्यायचं. विद्यापीठाच्या फाटकाबाहेर टँकरपुढं हंड्यांची रांग लागलेली असायची आणि आत आमच्या मोरीला पूर आलेला असायचा. पण आमचं पाणी विज्ञानासाठी जात होतं, त्यामुळं कुणाला काही बोलता येत नव्हतं.

आजारी बायकांचे केस दवाखान्यातून मिळाले. आता तुलनेसाठी निरोगी बायका हव्या होत्या.

"खेड्यातून आण," सर म्हणाले. "खेड्यातली माणसं निरोगी असतात."

सर कधी खेड्यात राहिलेले नव्हते. माझी मावशी करमाडला अंगणवाडीत सेविका होती, म्हणून मी जालना रोडची बस धरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉटिंग चालू होतं. वाळून गेलेल्या रानात चुन्याच्या रेघा मारलेल्या आणि पाटीवर पोहण्याच्या तलावाचं निळंशार चित्र.

मावशीनं पंधरा-वीस बायका जमवून ठेवल्या होत्या. फॉर्मवर पहिला प्रश्न होता, कोणता शाम्पू वापरता.

"टँकर दोन दिसाआड येतो. प्यायला पुरंना, अन् डोकं कशानं धुती म्हणून काय इचारती?" पहिलीच बाई म्हणाली.

मी लिहिलं, शाम्पू नाही.

दुसरी म्हणाली, "भांडीवाली केसांवर वाटी तरी देती. तू काय देशील?"

"तुमचा संशोधनाला हातभार लागेल," मी म्हणाले.

ती मागं वळून सगळ्यांना म्हणाली, "घ्या, ही हातभार देती म्हणं."

तरी त्यांनी केस दिले. मानेजवळची एकेक बट कापून मी पाकिटात घालत गेले. फॉर्मवर शेवटचा रकाना होता, काही आजार आहे का. वेळ वाचावा म्हणून मी बसमध्येच सगळ्या फॉर्मांवर 'नाही' लिहून टाकलं होतं. खेड्यातली माणसं निरोगी असतातच, मग विचारायचं कशाला.

सगळ्यात शेवटी एक धनगरीण आली. पंचेचाळिशीची असेल. पाण्यापायी तिचा नवरा मेंढरं घेऊन गंगथडीला, म्हणजे गोदावरीच्या काठाला गेला होता, आणि ही मागं राहून शेंद्र्याकडं एका कारखान्याच्या भिंतीच्या कामावर विटा वाहत होती. तिनं पदर बाजूला केला, मान वाकवली आणि हळूच विचारलं, "केसांत समदं दिसतं का बाई?"

"दिसतं म्हणतात."

"मंग हातानं बघायची गरज नाय?"

"नाही, आक्का. केसच सांगतात."

"बरं झालं," ती म्हणाली.

मलाही बरं वाटलं. सरांचं म्हणणं निदान एका बाईला तरी पटलं होतं.

महिन्याभरानं मावशीचा फोन आला. ती धनगरीण रोज अंगणवाडीत येऊन विचारत होती, माझ्या केसांचं काय निघालं. बाकी कुणीही विचारलं नव्हतं. मी सरांना आलेखातला तिचा ठिपका दाखवला. तो निरोगी ठिपक्यांच्या अगदी मधोमध बसला होता. सर खूश झाले. पुढच्या शनिवारी मी करमाडला गेले आणि तिला सांगितलं, "काही निघालं नाही, आक्का. तुमचे केस एकदम चांगलेत."

ती मला अंगणवाडीच्या आतल्या खोलीत घेऊन गेली, माझा हात धरला आणि पोलक्यात घालून डाव्या बाजूला टेकवला.

"मंग ही कशाची?"

चिंचोक्यापेक्षा मोठी, दगडासारखी टणक गाठ होती. बोटांखालून हलत नव्हती. इतके महिने मी याच आजाराचा अभ्यास करत होते आणि गाठ कशी लागते हे मला त्या दिवशी कळलं.

सोमवारी मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी दोन मिनिटं हातानं चाचपलं, सोनोग्राफी लिहून दिली, सुईनं तपासणी केली. कॅन्सर निघाला.

सरांना सांगितलं तेव्हा ते ठिपक्याकडंच बघत राहिले. तो निरोगी गटात ठेवता येईना आणि आजारी गटात टाकला तर सगळा आलेख बिघडत होता. शेवटी त्यांनी तो काढूनच टाकायला सांगितला. कारण लिहायचं, बोअरच्या पाण्यामुळं नमुना दूषित.

"पण सर, ती टँकरचं पाणी वापरते. आणि बाकीच्या बायकाही तेच वापरतात."

"एका बाईनं काय फरक पडतो?"

मी ठिपका काढून टाकला. शोधनिबंध छापून आला, त्यात माझं नाव दुसरं होतं. मोरीत पाणी सोडलं त्याचा दोष नव्हता, फॉर्मचा नव्हता, माझाही नव्हता. सगळा दुष्काळाचा. दुष्काळानं त्या वर्षी एवढं सोसलं, त्यात हेही. पीएच.डी. मी नंतर दुसऱ्या विषयावर केली, पाण्यातल्या क्षारांवर. त्यात कुणाला खोटा दिलासा द्यावा लागत नाही.

तिचं ऑपरेशन झालं, सलाइनमधून औषधं झाली. नवरा मेंढरं भावाकडं सोपवून आला आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहिला. ती वाचली. पुढं मावशीनं डॉक्टरीणबाईंना अंगणवाडीत बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी बायकांना हातानं कसं बघायचं ते शिकवलं, तेव्हा सगळ्यांत पुढं हीच बसली होती.

बऱ्याच वर्षांनी मी तिला विचारलं, "आक्का, माझ्या केसांच्या तपासणीपायी तुमचा महिना गेला. राग नाही आला?"

"त्याच्या आधी दोन वर्सं म्याच दडवून ठेवली व्हती," ती म्हणाली. "तुझं महिन्याचं काय घिऊन बसलीस?"

हे तिनं खरं म्हणून सांगितलं की मला बरं वाटावं म्हणून, ते मी विचारलं नाही. डॉक्टरीणबाईंनाही विचारलं होतं, त्या महिन्यानं काही फरक पडला का. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही.