तोकुजीच्या गाठी, मिसाओची वीण

देवळाच्या कौलांवर झुकलेला जुना देवदार उतरवायचा असला आणि क्रेनचा हात तिथवर पोचत नसला, की तोकुजी ओगिनोला बोलावणं येतं. तो दोरावर चढतो, शेंड्यापासून एकेक फांदी कापत खाली येतो. जमिनीवर दोर सांभाळायला मी. एकोणीस वर्षं झाली.

त्याचा सगळा भरवसा गाठींवर. कमरेची कडी अडकवायला दोराच्या टोकाला फासा लागतो. तो फासा तोकुजी रोज सकाळी स्वतः गाठ मारून बांधायचा, दोन हिसके द्यायचे, मगच चढायचं. त्याची बायको मिसाओ मात्र समुद्राकाठची, मासेमाऱ्याची लेक. बापाच्या होडीचे दोर ती लहानपणापासून विणत आलेली. दोराचं टोक मागे वळवून जाड सुईने त्याच्याच पोटात ओवलं, की कायमचा फासा तयार. गाठीचं नाव नाही.

"अहो, गाठीपाशी दोर मुडपतो, कमजोर होतो. मी विणून देते ना," ती म्हणायची.

"गाठ मला डोळ्यांनी दिसते. तुझ्या विणीच्या पोटात काय चाललंय, कोणाला कळणार? आणि मी काय मासा आहे?"

"मासा परवडला. बोलत तरी नाही."

तीन वर्षांपूर्वी आम्ही डोंगरावरच्या देवळात कामाला होतो. तीस मीटर उंच झाड, वारा सुटलेला. फांद्यांच्या वरच्या बेचक्यातला दोर काढून खालच्या बेचक्यात टाकायचा होता. तोकुजीने कमरेच्या आखूड पट्ट्याने स्वतःला खोडाशी बांधलं, कडी काढली आणि दोर ओढला. फाशाचं टोक सरसर वर गेलं आणि गाठ बेचक्यात गच्च रुतली. त्याने ओढून पाहिलं, मी खालून ओढून पाहिलं. जितकं ओढावं तितकी ती आणखी आत.

तेवढ्यात मिसाओ डबा घेऊन आली. वर बघितलं. मग ओरडली, "गाठ अडकली ना?"



कमरेचा पट्टा वीत वीत सरकवत तो चार मीटर परत वर चढला. मिसाओने माझी बाही घट्ट धरली होती. गाठ सुटून तो खाली उतरेपर्यंत सव्वा तास गेला. भाताचे गोळे गार झाले होते. चार खाल्ल्यावर तो म्हणाला, "विण बाई. पण पोटातलं टोक सरकलं तर मला कळलं पाहिजे."

मिसाओने नवा दोर घेतला. जुना ताठ झाला होता, सुई आत जाईना. फासा विणला, टोक पोटात वीतभर लांब आणि निमुळतं ठेवलं. मग जिथे वीण सुरू होते तिथे लाल दोऱ्याने आरपार टाके घातले. "हे टाके ताणलेले दिसले, की चढायचं नाही. झालं समाधान?"

झालं नव्हतं. त्याने त्या फाशाला आपल्या तिप्पट वजनाचा ओंडका तीन दिवस टांगला. टाके होते तसेच. चौथ्या दिवशी तो चढला आणि दोर बेचक्यातून लोण्यासारखा निघाला.

पण चढताना दोराला पकडणारी सरकती गाठ तो अजून रोज स्वतःच बांधतो. दोर ओला असला की एक विळखा कमी, कोरडा असला की एक जास्त. मिसाओलाही ते पटलं. "रोज बदलायचं ते बांधा, बदलायचं नाही ते मी विणते," ती म्हणाली.

आता आसपासचे चढणारेही तिच्याकडे दोर आणतात. परवा एकाला तिने परत पाठवलं. "या जातीचा दोर विणायचा नसतो. गाठच मारा." ते ऐकून तोकुजी इतका खूश झाला, की दुपारपर्यंत त्याने ते मला तीनदा सांगितलं. आम्ही देवदाराच्या मुळांवर बसून मुळ्याचं लोणचं खात होतो. मी तिन्ही वेळा "हो का, दादा?" म्हणालो.